बुटांच्या खाचेतलं बी

१

अभयारण्याच्या फाटकापाशी एका लोखंडी चौकटीत काथ्याचे ताठ ब्रश बसवलेले होते आणि वर पाटी होती: ‘आत जाताना बूट घासा. बाहेर येताना पुन्हा घासा.’ बाहेरचं तण आत जाऊ नये आणि आतलं बाहेर पसरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण तो समजावून सांगायला कोणीतरी लागतं, नाहीतर लोक बूट घासायचे सोडून पाटीबरोबर फोटो काढत बसतात. दर रविवारी सकाळी ते काम साठी उलटलेली एक बाई करायची. ब्रशांखालच्या ट्रेमध्ये पडलेली माती ती चाळणीतून काढायची, मांडीवर पांढरा कागद पसरायची आणि चिमट्याने एकेक बी वेचून भिंगाखाली धरायची. तिला सगळे भिंगबाई म्हणत. तिलाही ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

चौतीस वर्षं तिने बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. मूठभर बियाण्यात तणाचे दाणे किती, मेलेले किती, उगवणारे किती, हे सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही आणि घरातल्या डाळतांदळाचे दाणे भिंगाखाली जाऊ लागले, तेव्हा नवऱ्यानेच हात टेकले. ‘‘अगं, त्या रानात तरी जाऊन बस. इथे मला पोळीसुद्धा तपासल्याशिवाय मिळेना.’’

नवरा म्हणजे टेलरमास्तर. उभी हयात शिलाई मशीनवर वाकून गेलेली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाने एका दुपारी असा काही इंगा दाखवला, की दुकानाला कुलूप लागलं, टेप खिळ्याला टांगली गेली आणि डॉक्टरांनी बजावलं, चालायचं भरपूर, वाकायचं नाही, घाई तर अजिबात नाही. म्हणून मग रविवारी दोघं मिळून यायची. हिचा गुडघा कुरकुरायचा, म्हणून ही स्टुलावर. मास्तर तळ्याला पुरी फेरी घालून यायचे. सव्वा तास लागायचा.

तो सव्वा तास तिला खायला उठायचा. हात चिमट्यात, नजर भिंगात, पण जीव सगळा त्या वाटेच्या वळणाकडे. पाठवलं नाही तर हृदय बसेल आणि पाठवलं तर वाटेतच कुठे बसले तर काय, या दोन्हींच्या मध्ये ती स्टुलावर बसलेली असायची. मग वळणावर मास्तरांची टोपी दिसायची. तिथे ते एक क्षण थांबायचे, कपाळावर आडवा हात धरायचे आणि आधी स्टुलाकडे बघायचे. ती दिसली की चेहरा एकदम सैल व्हायचा आणि पाय उचलले जायचे.

‘‘हळू! धावू नका!’’ ती इथून ओरडायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी आपल्याला बघून हा माणूस धावतो, याचं तिला मनातून कौतुक वाटायचं.

मास्तरांना वाकायची बंदी, त्यामुळे त्यांचे बूट तीच घासायची. ते बाकावर बसायचे, पाय तिच्या पुढ्यात ठेवायचे आणि ती बुटांच्या तळाच्या खाचांमधली माती सुईने टोकरून काढायची. ती वेगळ्या कागदावर. बाकीच्यांच्या मातीत ती कधी मिसळायची नाही.

२

पहिल्यांदा ते घडलं थंडीत. सकाळी नऊ वाजले तरी तळ्यावरचं धुकं हललेलं नव्हतं आणि माळावरचं गवत दवाने आडवं पडलं होतं. मास्तर फेरी घालून आले, पाय पुढे ठेवले आणि तिने उजव्या बुटाच्या टाचेजवळून सुई फिरवली, तर खाचेतून एक म्हातारी निघाली.

म्हातारी म्हणजे ते रेशमी केसांचं बी. लहानपणी सगळ्यांनी फुंकर मारून उडवलेलं. तिने भिंगाखाली धरलं. केस कोरडे, चमकदार, एकही तुटलेला नाही. आजच फुटलेल्या बोंडातलं.

रानातल्या त्या वेलींना आता फुलंसुद्धा नव्हती. बोंडं फुटायची ती भर उन्हाळ्यात.

‘‘अहो, कुठून गेला होतात?’’

‘‘नेहमीच्याच वाटेने. दुसरी आहे का?’’

‘‘कुठे टेकलात का मध्ये?’’

‘‘नाही गं. उलटतपासणी कसली चाललीय?’’

तिने बी कागदाच्या पुडीत घातलं. मागच्या उन्हाळ्यातलं बी बुटात अडकून राहिलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. समजावलं खरं, पण मागच्या उन्हाळ्यानंतर हे बूट तिनेच निदान तीस वेळा टोकरले होते. शिवाय म्हातारीचे केस ओलीत दोन दिवस टिकत नाहीत. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला, आणि तो एकदा वळवळला की सोक्षमोक्ष लागेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे.

पुढच्या शनिवारी तिने मास्तरांचे बूट न्हाणीघरात नेले. साबण, जुना टूथब्रश, सुई. खाच न् खाच भिंगातून पाहिली. मोजे नवे कोरे. विजारीच्या मुडपलेल्या कडा उलटून झटकल्या. मास्तर दाराशी उभे राहून बघत होते.

‘‘ऑपरेशनला एवढी तयारी केली नव्हती डॉक्टरांनी,’’ ते म्हणाले.

रविवारी त्याच बुटांतून दोन म्हाताऱ्या निघाल्या. आणि मास्तरांची मान, शर्टाच्या कॉलरच्या वर, उन्हाने रापून लाल झालेली होती. धुकं तर अजून तळ्यावरच होतं.

३

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. इतक्या वर्षांत कोणत्याही बियाण्याने तिला असं कोड्यात टाकलं नव्हतं. घरी तिने औषधाच्या रिकाम्या काचेच्या कुप्या उकळून वाळवल्या, त्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कपाटातला एक खण त्यांना दिला.

उन्हाळा आला. तळं आटून काठाच्या चिखलाला भेगा पडल्या. मास्तर फेरीवरून आले ते ओल्या बुटांनी. खाचांत काळा, मऊ चिखल, आणि त्यात लव्हाळ्याचं कोवळं बी, नखाने दाबलं की दूध सुटेल असं. लव्हाळं तर काठावर जळून पिवळं पडलेलं होतं. ते आता पावसाळ्याच्या मध्यावर हिरवं होणार.

मग पावसाळा आला, सगळीकडे चिकचिक झाली, आणि मास्तरांच्या मोज्यांत रुतून आली कुसळं. वाळलेली, सोनेरी, टोचणारी. ती दिवस थंडीकडे झुकल्यावरची.

‘‘दर वेळी एक ऋतू पुढचं,’’ तिने रेंजरला सांगितलं. रेंजर म्हणजे ऑफिसातली तरुण मुलगी, या दोघांना काका-काकू म्हणणारी. तिने कुप्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

‘‘पक्षी आणतात काकू कुठून कुठून.’’

‘‘पक्षी यांच्याच बुटांत आणून ठेवतात का?’’

‘‘मग काका खिशातून आणत असतील. तुमची गंमत करायला.’’

ही शंका तिलाही येऊन गेली होती. मास्तर तसे मिश्कील होते. पण लव्हाळ्याचं कोवळं बी भर उन्हाळ्यात जगाच्या पाठीवर कुठून पैदा करणार? आणि गंमत करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, केव्हा फसतोय म्हणून. मास्तर तिच्या हातातल्या चिमट्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. ते नुसते तिच्याकडे बघत बसायचे. बूट झाले की उठताना तिचं कोपर धरायचे. हे कोपर धरणं नवीन होतं.

४

त्या पावसाळ्याच्या शेवटी स्वयंसेवकांसाठी ऑफिसात चहा होता. दहाबारा माणसं, ओल्या छत्र्या, आणि रेंजरने सगळ्यांच्या हातात एकेक छापील कागद दिला.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक रांग होती. जो स्वयंसेवक जाईल त्याच्या नावाने तिथे एक झाड लावायची इथली रीत होती. पाटी नाही, चौथरा नाही, नुसतं झाड. आतापर्यंत अकरा झाडं झाली होती आणि अकराव्याच्या पुढे मोकळं गवत होतं. कोणतं झाड हवं ते ज्याने त्याने जिवंतपणीच लिहून द्यायचं.

‘‘अशुभ कशाला बोलायचं?’’ म्हणून मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. भिंगबाईने मात्र चहाचा घोट घेत घेत लिहून टाकलं: वावळ.

वावळ तिचं लहानपणापासूनचं आवडतं. त्याचं बी म्हणजे कागदाची पातळ गोल टिकली आणि मधोमध दाणा. शाळेच्या आवारात त्यांचा खच पडायचा आणि पोरं दाणे सोलून खायची.

‘‘काकू, वावळ आपल्या रानात एकही नाही,’’ रेंजर म्हणाली. ‘‘रोपवाटिकेतही मिळत नाही. मी मागे विचारलं होतं.’’

‘‘मग शोधून ठेव. मला काही घाई नाही.’’

सगळे हसले. रेंजर म्हणाली, ‘‘आणि कमरेएवढं झालेलंच रोप लागतं हं. त्याहून लहान लावलं तर हरणं खाऊन टाकतात.’’

मास्तर हसले नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला तो थोडा आवाज करत.

५

थंडी पुन्हा आली आणि त्याबरोबर तिच्या मनात एक विचार येऊन बसला, तो काही केल्या उठेना. आतापर्यंत ती बियांकडेच बघत होती. माणसाकडे तिने आता बघितलं. जो माणूस दर रविवारी एक ऋतू पुढे जाऊन परत येतो, तो एखाद्या रविवारी पुढेच राहिला तर?

इतके दिवस भीती नुसती हृदयाची होती. तिला डॉक्टर होते, गोळ्या होत्या. या भीतीला काय द्यायचं?

‘‘उद्या नको जाऊ या,’’ शनिवारी ती म्हणाली. ‘‘थंडी फार आहे. घरातच फेऱ्या मारा.’’

‘‘नाही. जायला हवं.’’

‘‘एक रविवार चुकला तर काय बिघडतं?’’

मास्तरांनी सदऱ्याची कड चिमटीत धरून सरळ केली. मग म्हणाले, ‘‘पाय आखडतात.’’ आणि बोलणं तिथेच संपलं. एरवी हा माणूस एका काजाबटणावर अर्धा तास बोलायचा.

दुसऱ्या दिवशी फेरीवरून आल्यावर कपडे धुवायला टाकताना त्यांच्या कोटाचा खिसा तिच्या हाताला जड लागला. आत टेप होती. तीन वर्षं खिळ्याला टांगलेली शिंप्याची टेप. ती खिळ्यावर नाही हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. उलगडून पाहिली. ओलसर होती, आणि सव्वीस इंचांच्या आसपास तिला हिरवट डाग पडला होता. तिने तो डाग सवयीने भिंगाखाली धरला. झाडाच्या सालीवर वाढणारं शेवाळ.

टेप तिने परत होती तशीच गुंडाळून खिशात ठेवली. विचारलं नाही. विचारलं असतं तर मास्तरांनी सांगितलं असतं, अशी तिला भीती वाटली.

६

त्यानंतरच्या रविवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. मास्तर वळणावर आले, कपाळाला हात लावला, स्टूल शोधलं, चेहरा सैल झाला. बाकावर बसून पाय पुढे केले. डाव्या बुटाच्या बोटांकडच्या खाचेत काहीतरी पातळ, कागदासारखं चिकटलं होतं. तिने सुईने अलगद सोडवलं. गोल टिकली. मधोमध दाणा.

भिंगाची गरज नव्हती, तरी तिने ते वर केलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

‘‘काय मिळालं?’’ मास्तरांनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं.

‘‘काही नाही. पाचोळा.’’

वाऱ्याने आलं असेल, तिने मनाशी म्हटलं. वावळाचं बी उडतं, मैलभरसुद्धा उडतं. पण वावळ या दिवसांत फळत नाही. आणि ते बी हिरवं, ताजं होतं, झाडाखालच्या जमिनीवरून बुटाला लागावं असं.

घरी येऊन तिने तेच केलं, जे चौतीस वर्षं करत आली होती. बशीत टिपकागद भिजवला, बी ठेवलं, वर काच झाकली, तारीख लिहिली. बी हातात आल्यावर ते जिवंत की मेलेलं हे न बघता टाकून देणं तिच्याच्याने झालं नसतं. नवव्या दिवशी पांढरा कोंब बाहेर पडला. दोन पानं सुटल्यावर तिने ते बाल्कनीतल्या कुंडीत लावलं. मास्तर पेपर वाचत होते. पेपरच्या वरून त्यांनी कुंडीकडे पाहिलं, आणि पान उलटायचं विसरून तसेच बसून राहिले.

७

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी तिने गुडघ्याला पट्टा बांधला, स्टूल रेंजरच्या ताब्यात दिलं आणि मास्तर वळणाआड गेल्यावर लाकडी पुलावरून निघाली. पूल थेट तळ्याच्या पलीकडे जातो, त्यामुळे फेरीच्या निम्म्या वेळात रांगेपाशी पोचता येतं. ती लव्हाळ्याच्या आड थांबली. वारा पडला होता. दूर एक पक्षी दर थोड्या वेळाने एकच सूर काढत होता, आणि तिच्या गुडघ्यात कळ येत होती.

मास्तर आले. रांगेच्या कडेने चालत, प्रत्येक झाडाला हात लावत. पाच, सहा, सात. ते अकराव्यापाशी पोचले आणि थांबले नाहीत. मोकळ्या गवतात आठदहा पावलं गेले आणि तिथे टोपी काढून उभे राहिले.

तिथे काहीच नव्हतं. डोक्यावर लख्ख ऊन होतं. आणि मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर पानांची सावली हलत होती.

तिने डोळे मिटून उघडले. गवतावर ऊन होतं, सगळीकडे. फक्त त्यांच्या अंगावर, टकलावर, बाह्यांवर, कवडशांची ती जाळी सावकाश मागे-पुढे होत होती. लव्हाळ्याचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. दोन्ही हात पुढे करून त्यांनी ती हवेभोवती घातली, दुकानात गिऱ्हाइकाच्या कमरेला घालायचे तशीच, थोडं अंग चोरून. टोकं पुढे जुळवली. मग खिशातून चष्मा काढायला त्यांनी एक हात सोडला, आणि नंतर चष्मा डोळ्यांवर चढवायला दुसराही.

टेप पडली नाही. हवेला विळखा घालून ती तशीच राहिली.

ते पुढे झुकले, आकडा वाचला आणि बोलले. मोठ्याने नाही, घरात बोलतात तेवढ्याच आवाजात. ‘‘साखर अर्धा चमचा करून टाकलीय हं मी. तू म्हणायचीस ना.’’

साखरेबद्दल ती कालच बोलली होती. आणि काल मास्तरांनी दोन चमचे घातले होते.

तिथून पूल कसा ओलांडला ते तिला कळलं नाही. डोकं मात्र आपलं काम करत होतं, सवयीने, बियाणं तपासावं तसं. सव्वीस इंच घेराचं वावळ. पंधरा वर्षांचं तरी असणार. म्हणजे पंधरा वर्षांनंतरही हा माणूस तळ्याला फेरी घालतोय! स्वतःच्या पायांनी! तिला पुलावरच रडू फुटलं, ते आनंदाचं होतं. एवढे रविवार मी उगाच जीव टांगून बसले, हृदय काही त्यांना नेत नाही. पूल संपेपर्यंत ती त्या आनंदातच होती.

पूल संपल्यावर तिला आठवलं की मास्तरांनी कागदावर काहीच लिहिलेलं नाही. लिहिलं होतं ते तिने.

ती स्टुलावर येऊन बसली. ‘‘काकू, घाम केवढा आलाय,’’ रेंजर म्हणाली. ‘‘पाणी आणते.’’ ती ऑफिसकडे गेली. थोड्या वेळाने वळणावर टोपी दिसली. मास्तर थांबले, कपाळावर आडवा हात धरला, आणि या वेळी भिंगबाईने तो चेहरा नीट पाहिला. माणूस आपल्या बायकोला बघून असा सुखावत नाही. बायको नसेलच असं धरून चाललेला माणूस सुखावतो.

तिने हात वर केला. ‘‘हळू,’’ ती म्हणाली, पण स्वतःशीच.

ते बाकावर बसले. तिने बूट मांडीवर घेतला आणि खाली मान घालून सुई फिरवू लागली.

‘‘किती भरलं?’’ तिने विचारलं.

मास्तर दचकले नाहीत. तळ्याकडे बघत राहिले. ‘‘सव्वीस.’’

‘‘बरंच झालं की.’’

‘‘तू पहिल्यांदा दुकानात आली होतीस, अ‍ॅप्रन शिवायला. तेव्हा तुझी कंबर तेवढीच होती.’’

‘‘थापा मारू नका. अठ्ठावीस होती.’’

‘‘मी लिहून ठेवलंय,’’ मास्तर म्हणाले. मग तिने दुसरा बूट ओढून घेतला आणि त्यांनी तोंड फिरवलं. रेंजर पाणी घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, काका-काकूंचं काहीतरी भांडण झालंय.

८

घरी गेल्या गेल्या ते रोप उपटून टाकावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. गेल्या पावसाळ्यापासूनच रेंजर वावळाचं रोप शोधत होती आणि तिला मिळत नव्हतं. रोप होतं ते सगळ्या मुलखात एकच, आणि ते हिच्या बाल्कनीत. कुंडीपाशी जाऊन तिने दोन बोटांत खोड धरलंसुद्धा. पण तिच्या हाताने आजवर उगवतं बी मारलेलं नव्हतं. आणि एवढं खरं होतं की तिला बघायचं होतं. कसं वाढतं, किती वाढतं, पहिली पालवी कोणत्या रंगाची येते. मरणाचीही उत्सुकता वाटावी असा तिचा स्वभाव, त्याला कोण काय करणार?

तिने हात मागे घेतला आणि पाणी घातलं. कमरेएवढं व्हायला वावळाला चांगल्या मातीत दोन वर्षं पुरतात, हे तिला ठाऊक होतं. तिने तो हिशेब मास्तरांना सांगितला नाही.

पावसाळा गेला, थंडी गेली, उन्हाळा गेला, आणि पुन्हा एक वर्ष तसंच फिरून आलं. रविवारची फेरी चुकली नाही. बुटांतून कधी म्हातारी निघायची, कधी कुसळं, कधी कागदी टिकली. कुप्यांनी दुसरा खणही भरला. मास्तर वळणावर थांबायचे, बघायचे, धावायचे, आणि ती हळू म्हणून ओरडायची. एवढंच की आता ती रोज त्यांच्या चहात अर्धाच चमचा साखर घालायची आणि ते तोंड वाकडं करून दोन मागायचे.

रोपाचं मात्र तिला नवल वाटायला लागलं. पानं तजेलदार, खोड अंगठ्याएवढं, आणि उंची गुडघ्याला लागून जी थांबली ती थांबलीच. खत बदललं, माती बदलली. काही उपयोग नाही. कीड असेल, मुळं कोंडली असतील, उन्हाची दिशा चुकली असेल. एका सकाळी मास्तर आत आंघोळीला गेले होते, तेव्हा ती भिंग घेऊन कुंडीपाशी बसली आणि खालून वर एकेक पेर बघत गेली.

कीड नव्हती. शेंडा कापलेला होता.

खुडलेला नाही, कुरतडलेला नाही. कात्रीने, एकाच घावात, सरळ रेषेत. शिवण संपल्यावर उरलेला धागा कापावा तसा. तिने बाजूची फांदी पाहिली. तीही कापलेली, जरा जुनी, कडा वाळून भरून आलेल्या. त्याच्या खाली आणखी जुनी. त्याच्या खाली आणखी एक. ती मोजत गेली. सगळ्यात खालची खूण इतकी बारीक होती, की भिंगाशिवाय कोणाला दिसलीच नसती. ती रोप वितभर होतं तेव्हाची होती.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. ती घाईने उठली, गुडघ्याला कळ लागली तरी उठली. कुंडी होती तशी फिरवून ठेवली, शेंडा भिंतीकडे. मास्तर डोकं पुसत बाहेर आले.

‘‘काय करतेस?’’

‘‘पाणी घालत होते.’’

‘‘वाढतंय का?’’

‘‘नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘काय झालंय कोण जाणे.’’

‘‘काही काही झाडं हळूच वाढतात,’’ मास्तर म्हणाले आणि बूट घ्यायला गेले. त्या दिवशी रविवार होता.